घरच्या बायोगॅसचा १४ महिन्यांचा हिशोब, चांगलं वाईट सगळं

कंपनीचं नाव टाकत नाही, कारण असे फुगावाले किट आता बरेच जण विकतात आणि आतून सगळे थोड्याफार फरकाने सारखेच. त्यामुळे हा रिव्ह्यू एका ब्रँडचा कमी आणि या प्रकारच्या वस्तूचा जास्त आहे असं धरा. आमच्याकडे आहे तो १००० लिटरचा डायजेस्टर (म्हणजे ओला कचरा कुजवून गॅस करायची बंद टाकी), वर ७०० लिटर गॅस मावेल असा फुगा, एक फिल्टर, पाइप आणि सिंगल बर्नरची शेगडी. घरात आम्ही पाच माणसं. १४ महिने झाले, मधे जवळपास दीड महिना बंद पडला होता तो धरून.

आधी ज्यामुळे घेतला ते सांगते. जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं, रोज दोन तास फुकट गॅस. वाचून नवऱ्याने लगेच हिशोब मांडला की सिलेंडर आता निम्मेच लागतील वगैरे. खाली बारीक अक्षरात होतं की रोज ६ किलो ओला कचरा टाकला तर. आता ६ किलो ओला कचरा म्हणजे किती हे घरातल्या कुणाला माहीत असतं का, आम्हालाही नव्हतं. किट आल्यावर आठवडाभर मी रोज रात्री डबा वजनकाट्यावर ठेवला. साली, देठं, उष्टं, शिळं, चोथा, सगळं मिळून कधी दीड किलो कधी दोन, पाहुणे आले तर तीन. म्हणजे जाहिरातीतल्या दोन तासांचा तिसरा हिस्सा, हे मशीन सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं होतं. ही तपासणी विकत घ्यायच्या आधी करायची असते. आम्ही उलटं केलं, तुम्ही करू नका.

हिशोब साधा आहे. एक किलो स्वयंपाकघरातला ओला कचरा साधारण १०० लिटर गॅस देतो, कधी थोडा जास्त. आमचे दोन किलो म्हणजे २०० लिटर, आणि आमची शेगडी तासाला ३०० लिटरच्या आसपास खाते, म्हणजे ४० मिनिटं. एक लिटर पाणी उकळायला अंदाजे ३० लिटर गॅस जातो, तर दिवसाचा गॅस म्हणजे सहा-सात लिटर पाणी उकळेल एवढा. एलपीजीत मोजलं तर ९०-१०० ग्रॅम. ऐकायला कमी वाटतं ना, मला पण वाटलेलं. पण सकाळचं पाणी, दूध आणि एखादी भाजी त्यावर होते, आणि ते ज्यावर होतं तो काल कचऱ्याचा डबा होता, याची गंमत १४ महिन्यांनंतरही पूर्ण गेलेली नाही.

बसवायला जे दादा आले ते कामाला पक्के होते, तीन तासांत सगळं जोडलं. पण सुरू करायला १०० लिटर ताजं शेण लागेल हे त्यांनी फोनवर आदल्या दिवशी सांगितलं! शेण म्हणजे इथे विरजण. जनावराच्या पोटात मिथेन (बायोगॅसमधला जळणारा गॅस तो हाच) बनवणारे जिवाणू आधीपासून असतात, ते शेणातून टाकीत जातात आणि तिथे संसार थाटतात. दह्याला चमचाभर पुरतं, इथे १०० लिटर आणि तेवढंच पाणी, मग उरलेली टाकी पाण्याने भरायची. नळाच्या पाण्यात क्लोरिन असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग घालायचं, नाहीतर ज्यांना पाळायला आणलंय त्यांनाच मारून टाकाल. हे पण मॅन्युअलमध्ये नव्हतं, दादांनी जाता जाता सांगितलं.

(मजेची गोष्ट, हे मिथेनवाले जीव खरं तर बॅक्टेरिया नाहीतच. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांची आनुवंशिक कुंडली तपासून दाखवलं की ही जमात साफ वेगळी आहे, आता त्यांना आर्किया म्हणतात. मी खाली सवयीने जिवाणूच लिहिणार आहे, कुणी शास्त्रवाले चिडू नका.)

पहिले तीन आठवडे काही टाकायचं नाही, फक्त बघत बसायचं. बाराव्या-तेराव्या दिवशी फुगा जरा उचलला गेला, नवरा काडेपेटी घेऊन धावला, काही पेटेना. कस्टमर केअरचा नंबर लावला तर अर्धा तास गाणं. नंतर कळलं की पहिला गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइडच असतो, तो पेटत नाही, तो मोकळ्या जागेत आग वगैरे काही जवळ नसताना सोडून द्यायचा. मिथेन ५० टक्क्यांच्या आसपास गेला की नीट जळायला लागतो, चांगल्या चाललेल्या टाकीत ६०-६५ टक्के असतो. आमची पहिली ज्योत २४व्या दिवशी. आणि ज्योत एवढी फिकट निळी की दिवसा दिसतच नाही, मी हात वर धरून बघितलं तेव्हा कळलं की पेटलीये. लहान मुलं असतील तर हे लक्षात ठेवा.

आता शेगडीबद्दल, कारण याच्यावर बरेच जण फसतात. घरातली एलपीजीची शेगडी याला जोडून चालत नाही. एलपीजीला जळायला स्वतःच्या २४ ते ३१ पट हवा लागते, बायोगॅसला फक्त ५-६ पट, त्यात याचं प्रेशर अगदीच कमी असतं, फुग्यावर वाळूच्या पिशव्या ठेवतात ना त्या वजनानेच गॅस ढकलला जातो. त्यामुळे जेटचं भोक मोठं आणि हवेची खिडकी लहान असा वेगळा बर्नर लागतो. किटमध्ये आलेला ठीक आहे, पण नॉब सहा महिन्यांत सैल झाला आणि पितळेचा भाग काळा पडला.

काळा पडायचं कारण सल्फर. कच्च्या बायोगॅसमध्ये थोडा हायड्रोजन सल्फाइड असतोच, सडक्या अंड्याचा वास येतो तो. म्हणून पाइपवर फिल्टर असतो, त्यात अ‍ॅक्टिवेटेड कार्बन किंवा लोखंडाचा चुरा, सल्फर लोखंडाला चिकटून राहतो आणि गॅस पुढे जातो. आमचा फिल्टर पाच महिन्यांत संपला, शेगडी पेटवली की ओट्यापाशी वास. नवीन मागवला, आठ दिवसांत येतो म्हणाले आणि तीन आठवडे लागले. तोवर मी भांडी घासायची लोखंडी घासणी (स्टीलची नको, गंजणारी हवी) जरा ओलसर गंजवून फिल्टरच्या नळीत कोंबली. चक्क चालली. नंतर उघडली तेव्हा तांबूसची काळीकुट्ट झालेली. आता ओरिजिनल फिल्टर मागवतच नाही.

आणखी एक छोटी गोष्ट जी कुणी सांगत नाही. सकाळी शेगडी भुक् भुक् करत पेटते विझते, पेटते विझते. मला वाटायचं गॅस संपला. फुगा तर टम्म. झालं असं होतं की गॅस दमट असतो, रात्री गारव्याने पाइपमध्ये पाणी धरतं आणि पाइपला जिथे झोळ आहे तिथे साचून बसतं. पाइपला एकसारखा उतार द्यायचा आणि सगळ्यात खालच्या टोकाला पाणी काढायचा छोटा कॉक बसवायचा. पाच मिनिटांचं काम, पण यासाठी आम्ही दोन महिने शेगडीला शिव्या घातल्या.

आता मोठं प्रकरण. चौथ्या महिन्यात घरी कार्य होतं, उरलेलं अन्न भरपूर. मी म्हणलं एवढं फेकायचं कशाला, मशीन आहे की, दोन दिवसांत दहा-बारा किलो भात आणि गोडधोड आत लोटलं. तिसऱ्या दिवशी फुगा असा फुगला की बघतच राहावं, नवऱ्याने फोटो काढले. चौथ्या दिवशी ज्योत पिवळट आणि अडखळत, पाचव्या दिवशी पेटेचना. झाकण उघडलं तर आंबट भपकारा, ओकारीसारखा. पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजायची, पट्टी बुडवली, ५.५ (आकडा जितका कमी तितकं आंबट). तो ७ च्या आसपास राहायला हवा.

झालं काय, आत दोन टोळ्या असतात. एक टोळी अन्न फोडून त्याची आम्लं बनवते, ही भलती चपळ. दुसरी टोळी ती आम्लं खाऊन मिथेन बनवते, ही मंद, तिची संख्या दुप्पट व्हायला दिवसच्या दिवस जातात. एकदम भात-साखर ओतली की पहिली टोळी आम्लाचा ढीग लावते, दुसरीला आवरत नाही, वरून आम्लाने तीच मरायला लागते. फुगला होता तो कार्बन डायऑक्साइडने. सासूबाईंना हे समजावलं तर म्हणाल्या, "अगं म्हणजे याला अजीर्ण झालंय. मग दोन दिवस लंघन नको का?"

आणि कस्टमर केअरने काय सांगितलं माहितेय? गॅस कमी येत असेल तर खाद्य वाढवा. नशीब मी ऐकलं नाही. आईंचंच ऐकलं, दोन दिवसांचं नाही तर जवळपास तीन आठवड्यांचं लंघन झालं. टाकणं पूर्ण बंद, रोज खायचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा, रोज पट्टी, आणि पीएच ६.८ वर आल्यावर नव्याने एक बादली शेणकाला. पुन्हा रोज अर्ध्या किलोपासून सुरुवात. असा गेला तो दीड महिना. कंपनीचे तारे मी इथे कापलेत, मशीन बिघडलं म्हणून नाही तर ज्याला विचारावं त्यालाच माहीत नाही म्हणून.

तेव्हापासून काय टाकायचं याचं माझं स्वतःचं शास्त्र झालंय. शिजलेलं अन्न सगळ्यात पटकन गॅस देतं पण सांभाळून. साली आणि पालेभाजीची देठं बारीक करून. लिंबू-संत्र्याच्या साली नाही, त्यांच्यातलं तेल जिवाणूंना मारक. तेलाचे डब्बे उपडे करायचे नाहीत. अंड्याची टरफलं, हाडं, काड्या, नारळाची शेंडी, लाकडाचा भुसा हे तळाशी जाऊन बसतं, लाकडातलं लिग्निन या जिवाणूंना फुटतच नाही. फार खारट असेल तर एकदा धुवून, कारण मीठ आत जाऊन कुठे जात नाही, शेवटी ते स्लरीतून (टाकीतून रोज बाहेर येणारं तपकिरी पाणी, खत म्हणून झाडांना घालतात) कुंडीतच येणार. भांड्याच्या साबणाचं पाणी अजिबात नाही. आणि शेण आता घालत नाही, लोकांना वाटतं शेणाने जास्त गॅस होईल, उलटं आहे, ताज्या किलोभर शेणातून ४० लिटरच्या आसपास मिळतो कारण त्यातलं चांगलंचुंगलं गायीने आधीच काढून घेतलेलं असतं.

थंडीत निम्मा गॅस. या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपास ऊब आवडते, १५ च्या खाली जवळपास झोपतात. आम्ही काळं प्लास्टिक ताणून त्याच्या खाली टाकी ठेवली आणि खाद्यात कोमट पाणी घालते, थोडा फरक पडतो, जादू होत नाही. थंडीत १५-२० मिनिटं धरा.

आता स्लरी. खरं सांगायचं तर या वस्तूची जाहिरात गॅसवर करणं हीच गडबड आहे. रोज दोन किलो कचरा आणि दोन लिटर पाणी आत जातं, चार किलो. त्यातून २०० लिटर गॅस निघतो, त्याचं वजन पाव किलोसुद्धा भरत नाही. मग बाकीचं कुठे गेलं? ते सगळं दुसऱ्या नळीतून बाहेर येतं, रोज, न चुकता, पावणेचार लिटर तपकिरी पाणी. म्हणजे वजनाने बघाल तर हे गॅसचं मशीन नाहीच, हे स्लरीचं मशीन आहे ज्यातून थोडा गॅस निघतो. ज्याच्याकडे झाडं नाहीत त्याने रोज चार लिटर घेऊन जायचं कुठे? ब्रोशरमध्ये एका कोपऱ्यात कुंडीचा फोटो आहे, बस.

पण झाडं असतील तर मात्र हे सोनं आहे. गॅसमधून फक्त कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि किंचित सल्फर निघून जातं. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश जवळपास सगळं स्लरीतच राहतं, शिवाय बराचसा नायट्रोजन अमोनियमच्या रूपात, म्हणजे मुळांना लगेच घेता येईल असा. पहिल्यांदा मी उत्साहात नुसती स्लरी ओतली आणि एका कुंडीतली पानं कडेने करपली. आता एकास दहा पाणी घालून, मुळाशी, संध्याकाळी. पानांवर नाही, आणि कच्ची खायची पालेभाजी असेल तिथे तर मी घालतच नाही, कारण घरगुती टाकीच्या तापमानाला सगळे रोगजंतू मरत नाहीत. याच कारणाने कुत्र्या-मांजराची घाण टाकीत टाकायची नाही, लोक विचारतात म्हणून सांगितलं. वासाचं म्हणाल तर नीट चाललेल्या टाकीची स्लरी ओल्या मातीसारखी, जराशी अमोनियाची झाक. आंबट वास आला तर समजायचं आत अजीर्ण सुरू आहे, पट्टीच्या आधी नाकाला कळतं.

तुलना करायची तर याआधी मी साधा कंपोस्ट डबा दोन वर्षं वापरला. तो स्वस्त, बिघडायला काही नाही, काडीकचरा पण चालतो, फक्त शिजलेलं अन्न टाकलं की माशा आणि अळ्या, आणि सडताना जी ऊर्जा निघते ती नुसती उष्णता होऊन जाते. गांडुळांचा डबा पण केला, खत उत्तम, पण त्यांचे नखरे फार. आणि ते ओट्यावर ठेवायचे इलेक्ट्रिक कंपोस्टर, मैत्रिणीकडे आहे, त्यातले बरेचसे खरं तर कचरा तापवून वाळवतात आणि दळतात, जे निघतं ते वाळका चुरा असतो, खत व्हायला त्याला नंतर मातीत सडावंच लागतं. वीज खर्चून कचरा वाळवायचा, मला नाही पटत. ज्यांच्याकडे जागा अजिबात नाही त्यांचं वेगळं.

सेफ्टीबद्दल थोडं, कारण आई सुरुवातीला त्या बाजूला फिरकतच नव्हत्या. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला तर भडकतो, पण तो हवेपेक्षा हलका, उघड्यावर लगेच वर निघून जातो, एलपीजीसारखा जमिनीलगत बसत नाही. टाकी उघड्यावरच हवी, बंद खोलीत कधीच नाही. फुगा जास्त भरला तर पाण्याच्या सीलमधून गॅस आपोआप सुटतो, हे डिझाइन चांगलंय. पण सुटू द्यायचा नाही. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट उष्णता अडवतो, म्हणजे कचरा वाचवायला निघालो आणि गॅस तसाच सोडत बसलो तर केलं काय आपण. फुगा टम्म असेल तर मी काही नसलं तरी पाणी तापवते.

बाय द वे, १७७६ मध्ये वोल्टा, तोच बॅटरीवाला, मॅजोरे सरोवराच्या काठी गाळ ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरत होता, आणि ते जळतात हे त्याने दाखवलं. आम्ही करतो तेच, फक्त आमचा गाळ वेगळा. आणि याच गॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढून मिथेन ९५ टक्क्यांच्या वर नेला की त्यावर गाड्या चालतात, मोठ्या प्लांटमध्ये इंजिन लावून वीज करतात, एका घनमीटरला साधारण २ युनिट. आमचे २०० लिटर म्हणजे ०.४ युनिट. नवऱ्याला छोटा जनरेटर लावायचा होता, हा आकडा बघून गप्प बसला.

मार्क द्यायचे तर टाकी आणि फुग्याला चार, शेगडीला तीन, मॅन्युअल आणि कस्टमर केअरला एक, तोही त्या बसवणाऱ्या दादांमुळे. घ्यायचा का विचाराल तर आधी आठवडाभर डबा वजन करा, मग रोज चार-पाच लिटर स्लरी कुठे जाणार ते ठरवा, आणि दोन्हीची उत्तरं मिळाली तरच.

आमचं अलीकडे जरा बरं जमलंय ते शेजारच्या काकूंमुळे. मागच्या महिन्यात आम्ही आठ दिवस बाहेर होतो, तेव्हा त्यांना सांगून गेले होते की रोज एवढ्या डब्याने टाका, जास्त नको, आणि गॅस तुम्हीच वापरा, फुगा तसाच भरून ठेवू नका. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, आमचा डबा रोज इथेच टाकला तर चालेल का? घंटागाडीची वाट बघायला नको." आता त्यांचा दीड-दोन किलो आणि आमचा दोन, फुगा रोज निम्म्याच्या वर दिसतो, शेगडी सव्वा तास चालते. काकू गॅस नको म्हणतात. संध्याकाळी डबा रिकामा करतात, घरून आणलेल्या कॅनमध्ये दोन लिटर स्लरी भरून नेतात, आणि लिंबाच्या साली आल्या असतील तर आई त्यांच्यासमोरच वेचून बाजूला काढतात.